हातचा विसरणाऱ्या मुलाची आई विचारते

पत्र : माझा मुलगा तिसरीत आहे. डिसेंबरमध्ये त्याला ८ वर्षं पूर्ण झाली. तो ३० व्या आठवड्यात झाला, खरी तारीख फेब्रुवारीच्या शेवटची होती. माझं बीपी वाढलं म्हणून डॉक्टरांनी तातडीने सिझर केलं. वजन १,२५० ग्रॅम, पाच आठवडे काचेत होता. तेव्हा मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात शिलाईला जायची, सातव्या महिन्यापर्यंत गेले. मुलगा बोलतो छान, आजीच्या सगळ्या गोष्टी त्याला पाठ आहेत, पण गणितात अडतो. वजाबाकीत हातचा विसरतो. फळ्यावरचं उतरवून घेईपर्यंत तास संपतो. दुकानातून तीन वस्तू आणायला सांगितलं तर एकच घेऊन येतो. बाई म्हणतात, त्रास काही नाही त्याचा, पण लक्ष देत नाही, आळशी आहे. सासूबाई म्हणतात, सातव्या महिन्यातलं पोर, असंच राहायचं. ह्यांचं म्हणणं, अजून एक ट्यूशन लावू. त्याला परत तिसरीत बसवू का? लवकर जन्मल्याचं शाळेत सांगू, की उगाच शिक्का बसेल? आणि मी कामावर गेले नसते तर हे टळलं असतं का?
– एक आई, सोलापूर

ताई,

शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण त्याचं ओझं तुम्ही आठ वर्षं एकटीने वाहताय. गरोदरपणात असं बीपी वाढतं तेव्हा त्याचं मूळ बहुतेक वेळा वारेत, म्हणजे पोटात बाळाला पोसणाऱ्या प्लासेंटात असतं. सुरुवातीच्या महिन्यांत वार गर्भाशयात जशी रुजायला हवी तशी रुजत नाही, आणि पाचव्या महिन्यानंतर त्याचा परिणाम बीपी, सूज, लघवीतून प्रथिनं जाणं असा दिसायला लागतो. पहिलटकरणींमध्ये ते जास्त आढळतं. शिलाई मशीनवर बसल्याने ते होत नाही आणि घरी पडून राहिल्याने टळत नाही. ते हाताबाहेर जाऊ लागलं की बाळंतपण करणं एवढाच उपाय उरतो. नाहीतर आईला झटके येऊ शकतात आणि दोघांच्या जिवावर बेततं. डॉक्टरांनी त्या दिवशी घाई केली म्हणून आज तुम्ही पत्र लिहिताय आणि तो आजीच्या गोष्टी सांगतोय. पुढच्या बाळंतपणाचा विचार असेल तर मात्र दिवस राहिल्या राहिल्या डॉक्टरांना हे सगळं सांगा. तिसऱ्या महिन्याच्या अखेरीपासून कमी मात्रेची ॲस्पिरिन देऊन हा धोका बराच कमी करता येतो, ती त्यांच्याच सल्ल्याने घ्यायची.

आता मुलाबद्दल. त्याची गणितातली अडचण आणि त्याचा लवकर झालेला जन्म यांचा संबंध बहुधा आहे. पण म्हणून तो असाच राहील हे म्हणणं चूक आहे, आणि त्याला आळशी म्हणणं तर साफ चूक आहे.

३७ आठवडे भरण्याआधी झालेलं बाळ म्हणजे अपुऱ्या दिवसांचं बाळ. २०२० साली जगात अशी सुमारे १ कोटी ३४ लाख बाळं जन्मली, त्यांतली ३० लाखांच्या आसपास एकट्या भारतात. म्हणजे तुमच्या मुलाच्या वर्गात अशी आणखी दोन-चार मुलं असणार, फक्त कोणी ते सांगत नाही. बहुतेकांचा जन्म ३४ ते ३६ आठवड्यांतला असतो आणि ती फारशी वेगळी दिसतही नाहीत. तुमचा मुलगा ३२ आठवड्यांच्या आतला, म्हणून त्याच्याकडे जरा जास्त बारकाईने पाहावं लागेल.

३० व्या ते ४० व्या आठवड्यात पोटात काय चालू असतं ते सांगते, म्हणजे बाकीचं उलगडेल. या दहा आठवड्यांत मेंदूच्या बाहेरच्या थराची वाढ जवळजवळ चौपट होते, त्याला घड्या पडतात, आणि मेंदूचे वेगवेगळे भाग एकमेकांना जोडणाऱ्या तंतूंचं जाळं विणलं जातं. तुमच्या बाळाच्या मेंदूने हे काम काचेच्या पेटीत केलं. डोक्यावर दिवे, मॉनिटरचे आवाज, टाचेला सुया, नाकात ऑक्सिजनची नळी अशा अवस्थेत. काम थांबलं नाही, पण विणीत थोडा फरक पडतो. तो फरक समजेत, मायेत, गोष्टी सांगण्यात फारसा जाणवत नाही. तो जाणवतो दोन ठिकाणी : माहितीवर काम करायला लागणारा वेळ, आणि एका वेळी किती गोष्टी मनात धरून ठेवता येतात ती संख्या.

५२ वजा २७ घ्या. २ मधून ७ जात नाहीत. म्हणून शेजारच्या ५ कडून एक दशक घ्यायचा. ५ चे ४ झाले, हे लक्षात ठेवायचं. इकडे २ चे १२ झाले. १२ मधून ७ गेले, उरले ५, ते लिहायचे. मग परत डावीकडे जायचं आणि आठवायचं, की वहीत ५ दिसत असले तरी आता ते ४ आहेत. ४ मधून २ गेले, उरले २. उत्तर २५. आपल्याला हे एका दमात जमतं. तुमच्या मुलाच्या वहीत मात्र बहुतेक ठिकाणी ३५ असणार. एकदा वही काढून बघाच. ३५ आलं असेल तर त्याला हातचा कळलेला आहे, एककाचा ५ त्याने बरोबर काढला आहे. १२ मधून ७ घालवत असताना ‘५ चे ४ झाले’ एवढी एक गोष्ट त्याच्या हातून निसटली. रीत त्याला येते, ती शेवटपर्यंत धरून ठेवताना तो थकतो.

इंग्लंडमधल्या संशोधकांनी ३२ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या शाळकरी मुलांचं गणित अगदी याच अंगाने तपासलं. त्यांना आढळलं, की या मुलांची संख्यांची मूळ समज बिघडलेली नसते. अडचण येते ती तात्पुरती आठवण आणि नजरेने मांडणी पकडण्याची क्षमता कमी पडल्यामुळे. घरी करून बघा : त्याला विचारा, ५२ मोठे की २७? झटकन बरोबर सांगत असेल तर पाया ठीक आहे. सांगता येत नसेल किंवा फार चाचपडत असेल तर ते शिक्षकांना आणि डॉक्टरांना वेगळं सांगा, कारण मग वाट थोडी निराळी असते.

दुकानाचंही हेच. शेंगदाणे, साबण आणि काडेपेटी सांगितल्यावर तो शेंगदाणे घेऊन येतो, त्यात बेफिकिरी काही नाही. त्याच्या हातात चिठ्ठी द्या. पुढच्या महिन्यात चिठ्ठी त्याच्याकडूनच लिहून घ्या. वाचन होईल, लिखाण होईल, आणि तिन्ही वस्तू घरी आल्यावर त्याच्या चेहऱ्यावर जे दिसेल तेही मोलाचं आहे.

बाई म्हणाल्या ना, ‘त्रास काही नाही त्याचा’? याच वाक्याची मला काळजी वाटते. अपुऱ्या दिवसांच्या मुलांत लक्ष टिकण्याची अडचण पुष्कळदा दिसते, पण बाक वाजवणारी, पळापळी करणारी नव्हे. मूल शांत बसतं, फळ्याकडे बघतं, आणि आतून केव्हाच निघून गेलेलं असतं. चाळीस-पन्नास मुलांच्या वर्गात दंगा करणाऱ्याकडे बाईंचं लक्ष जातंच. शांतपणे हरवणारा मात्र वर्षानुवर्षं कोणाला दिसत नाही.

सासूबाईंचा राग धरू नका. त्यांच्या तरुणपणी १,२५० ग्रॅमचं बाळ घरी परत येणं हेच नवल होतं. त्यांनी पाहिलं तेच त्या बोलतात. पण त्यांना हे जरूर सांगा. अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात १३ लाखांवर मुलांच्या जन्माच्या नोंदी आणि शाळेच्या नोंदी एकत्र जोडून पाहिल्या गेल्या. २३–२४ आठवड्यांची बाळं, म्हणजे आपल्या मुलापेक्षा कितीतरी नाजूक. जी वाचली आणि शाळेत पोचली, त्यांतली ६५ टक्के मुलं शाळा सुरू करायच्या वयात इतरांसारखीच तयार होती, आणि जवळपास २ टक्के मुलं तर विशेष हुशार मुलांच्या गटात गणली गेली. दुसरी बाजू लपवत नाही : ३२ आठवड्यांच्या आतल्या मुलांची बुद्ध्यांकाची सरासरी वेळेवर जन्मलेल्या मुलांपेक्षा ११ ते १३ गुणांनी कमी येते, असं बऱ्याच अभ्यासांची एकत्र गोळाबेरीज सांगते. पण सरासरी ही हजारो मुलांची असते. त्या हजारांत मेंदूत रक्तस्राव झालेली मुलंही असतात आणि तुमच्या मुलासारखी गोष्टी पाठ असलेलीही. सरासरीवरून एका मुलाचं भविष्य सांगता येत नाही.

इथे जरा विषयांतर करते, कारण हे सदर गरोदर मुलीही वाचतात. स्कॉटलंडमध्ये ४ लाखांहून जास्त शाळकरी मुलांच्या नोंदी आठवड्यागणिक तपासल्या. शाळेत खास मदत लागण्याचं प्रमाण ४० आठवड्यांच्या आसपास जन्मलेल्यांत सर्वांत कमी, आणि तिथून मागे येऊ तसं पायरी-पायरीने वाढत गेलेलं. ३७ ते ३९ आठवड्यांतही ते किंचित वाढलेलं होतं. वाढ लहान, पण या आठवड्यांत जन्मणारी बाळं इतकी जास्त, की खास मदत लागणाऱ्या मुलांपैकी ५.५ टक्क्यांचा संबंध या ‘जवळजवळ वेळेवर’ जन्माशी लागला. अपुऱ्या दिवसांच्या जन्माशी ३.६ टक्क्यांचा. डॉक्टरांना वैद्यकीय कारण दिसलं, जसं तुमच्या बाबतीत दिसलं, तर एक क्षणही थांबू नये. पण मुहूर्त साधायचा, मामाची सुट्टी संपतेय, गड्ड्याच्या जत्रेआधी उरकून घेऊ, अशा कारणांसाठी ३७ व्या आठवड्यात सिझरची तारीख मागणारी कुटुंबं आपल्याकडे आहेत. त्यांना माझी हात जोडून विनंती आहे, बाळाला त्याचे आठवडे पुरे करू द्या.

परत तुमच्याकडे येते. ट्यूशनच्या आधी तीन तपासण्या करून घ्या.

पहिली डोळ्यांची. फळ्यावरचं उतरवायला वेळ लागतो म्हटल्यावर माझं पहिलं बोट डोळ्यांकडे जातं. ३४ आठवड्यांच्या आत किंवा २ किलोच्या आत जन्मलेल्या बाळांचा डोळ्याचा पडदा जन्मानंतर महिन्याभरात तपासायचा असतो. तो तेव्हा ठीक निघाला असला, तरी पुढे चष्मा लागणं आणि तिरळेपणा या मुलांत जास्त दिसतो. मूल स्वतःहून ‘दिसत नाही’ असं सांगत नाही, कारण त्याला वाटतं सगळ्यांना असंच दिसतं. दुसरी कानांची. तिसरी हिमोग्लोबिनची. बाळ लोहाचा साठा शेवटच्या तीन महिन्यांत आईकडून भरून घेतं. तुमच्या बाळाला तेवढे दिवस मिळालेच नाहीत. पुढे आहारातही लोह कमी पडलं तर मूल लवकर थकतं, लक्ष टिकत नाही. शाळेत आठवड्याला मिळणारी गुलाबी गोळी तो खरंच गिळतो की दप्तरात येते, ते बघा. ताटात शेंगदाण्याची चटणी, हिरवी पालेभाजी, बाजरीची भाकरी आणि वर लिंबू पिळलेलं असू द्या. जेवणाबरोबर चहा नको, त्याने लोह अंगी लागत नाही.

खासगीत जायलाच हवं असं नाही. आपल्या सिव्हिलमध्ये, म्हणजे वैशंपायन मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात, डोळे, कान आणि मुलांचा विभाग एकाच आवारात आहे. शिवाय २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक सरकारी आणि अनुदानित शाळांत वर्षातून एकदा मुलं तपासायला येतं. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी ही सोय आहे, आणि विकासात मागे पडणं हा त्यांच्या यादीतला विषयच आहे. पथक शाळेत येईल त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. मुख्याध्यापकांना तारीख विचारून ठेवा.

शाळेत सांगायचं की नाही? सांगाच. शिक्का तर आधीच बसलाय, ‘आळशी’ नावाचा, आणि तो खोटा आहे. त्याच्या जागी खरी माहिती गेली तर मुलाचा फायदाच होईल. बाईंनाही दोष देऊ नका. ब्रिटनमध्ये शिक्षकांची पाहणी केली तेव्हा दिसलं, की अपुऱ्या दिवसांच्या मुलांना वर्गात काय अडचण येते याचं प्रशिक्षण तिथेही फार थोड्यांना मिळालेलं होतं. मग आपल्याकडे बाईंना ते कोण शिकवणार? तुम्हीच सांगायचं. मधल्या सुट्टीत घाईघाईत उभ्या उभ्या न सांगता पालकसभेनंतर दहा मिनिटं मागून घ्या आणि चिठ्ठी लिहून न्या. साधारण अशी :

‘बाई, हा ३० व्या आठवड्यात जन्मलेला आहे. त्याला समजतं, पण एकदम दोन-तीन सूचना दिल्या तर एखादी निसटते, आणि लिहायला वेळ लागतो. त्याला पुढच्या बाकावर बसवाल का? दहा गणितांऐवजी पाचच द्या, पण ती पुरी करू द्या. फळ्यावरचं राहिलं तर शेजारच्या मुलाच्या वहीचा फोटो मला पाठवा, मी घरी लिहून घेते. डोळे, कान आणि रक्त तपासून घेतोय, रिपोर्ट तुम्हाला दाखवेन.’

एवढं पुरे. कोणत्या आजाराचं नाव घालू नका, रडू नका, माफी मागू नका. काय हवंय ते नेमकं मागितलं की बहुतेक शिक्षिका देतात. शाळांमध्ये समुपदेशनाचं काम करताना मी हेच पाहत आले आहे.

आता ट्यूशन. ह्यांना म्हणावं, थांबा जरा. सहा तास शाळेत मनाला ताण देऊन आलेल्या मुलाला संध्याकाळी दुसऱ्या वर्गात बसवलं, तर तीच गणितं त्याच वेगाने पुन्हा त्याच्या डोक्यावरून जातील. वर ‘दोन-दोन क्लास लावूनही येत नाही’ ही बोलणी. त्यापेक्षा घरी रोज वीस मिनिटं, खेळून झाल्यावर, पोटात काहीतरी गेल्यावर. मोठ्या चौकटीची वही आणा. एका चौकटीत एकच अंक. ५ खोडून वर लाल पेनाने ४ लिहायचा, प्रत्येक वेळी, न चुकता. हातचा डोक्यात ठेवायचाच नाही, तो कागदावर राहील. दशकासाठी काडेपेटीतल्या दहा-दहा काड्यांच्या जुड्या रबराने बांधा. हातचा घेताना त्याला खरोखर एक जुडी सोडू द्या. पाढे आजीकडे सोपवा. ज्या मुलाला गोष्टी पाठ होतात त्याला तालात पाढेही पाठ होतील, आणि पाढे तोंडावर असले की तेवढं ओझं डोक्यावरून उतरतं.

पण या वीस मिनिटांत तुम्ही कशा बसता, ते काड्या-चौकटींपेक्षा मोठं आहे. जर्मनीत बव्हेरियामध्ये १९८५–८६ साली जन्मलेल्या मुलांना संशोधकांनी मोठं होईपर्यंत पाहत ठेवलं. मुलं सहा वर्षांची असताना त्यांना आईबरोबर एक खेळणं दिलं : पाटीसारखं, दोन बटणं असलेलं, एक फिरवलं की आडवी रेघ उमटते, दुसरं फिरवलं की उभी. दोघांनी मिळून चित्र काढायचं. काही आयांनी मुलाच्या हातातलं बटण स्वतःच फिरवलं, काही ओरडल्या. काही थांबल्या, मुलाने चूक केली तर ‘आता कुठल्या बाजूला जायला हवं?’ एवढंच हळू विचारलं, आणि जमल्यावर दाद दिली. ही मुलं तेरा वर्षांची झाल्यावर त्यांची शाळेतली प्रगती पाहिली. ज्यांच्या आया अशा मऊपणे, थांबून मदत करत होत्या, ती फार लवकर जन्मलेली मुलंही अभ्यासात वेळेवर जन्मलेल्या मुलांच्या जोडीला येऊन पोचली होती. या विषयावर मी जे काही वाचलं त्यात मला सर्वांत धीर देणारी गोष्ट हीच वाटली, कारण यात पैसा लागत नाही, पुण्या-मुंबईला जावं लागत नाही, आणि आठवं वर्ष ही उशिराची वेळ नाही.

म्हणून ३५ दिसल्यावर ‘पुन्हा तेच!’ हे तोंडावर आलं तरी गिळा. ‘५ कडून एक घेतला होतास ना, मग त्याच्याकडे किती उरले?’ असं विचारा आणि मनात दहापर्यंत मोजा. त्याला लागणारा वेळ आपल्याला जड जातो. त्या दहा अंकांत बऱ्याचदा तो स्वतः ४ म्हणतो. दिवसभर काम करून आल्यावर हे सोपं नाही, मला ठाऊक आहे. ज्या दिवशी तुमच्यात त्राण नसेल त्या दिवशी गणित नको, नुसती गोष्ट वाचा. आणि ह्यांनाही आठवड्यातून दोन दिवस बसू द्या, याच अटीवर.

तिसरीत परत बसवायचं का? माझं मत नको असं आहे. पण हा प्रश्न तुमच्या मनात आला त्याला कारण आहे, आणि ते तुमच्या लक्षात आलेलं नसेल. आपल्याकडे पहिलीच्या प्रवेशाला ३१ डिसेंबरला ६ वर्षं पूर्ण असावी लागतात. तुमचा मुलगा डिसेंबरमध्ये आला म्हणून तो या वर्गात बसला. फेब्रुवारीत, त्याच्या खऱ्या तारखेला आला असता तर आज तो दुसरीत असता, आणि तिथल्या मोठ्या मुलांत गणला गेला असता. म्हणजे त्याला दुहेरी धाव घ्यावी लागतेय : दहा आठवडे कमी, आणि वर वर्गातला जवळजवळ सर्वांत लहान. इंग्लंडमध्ये ब्रिस्टल परिसरातल्या मुलांचा अभ्यास झाला, त्यात खऱ्या तारखेनुसार पुढच्या वर्षी शाळेत गेली असती पण लवकर जन्मल्याने आधीच्या वर्षात ढकलली गेली, अशी मुलं गुणांत जास्त मागे पडलेली दिसली. ज्यांच्या घरी आता असं दोन-तीन वर्षांचं मूल आहे, त्यांनी पहिलीची घाई करू नये. नियमात बसतं म्हणून घातलंच पाहिजे असं नाही, एक वर्ष थांबण्याचा विचार डॉक्टरांशी बोलून करावा.

त्यातही एक मेख आहे. बव्हेरियाच्या त्याच मुलांत नुसतं एक वर्ष उशिरा शाळेत घातल्याने पुढे गुण वाढलेले दिसले नाहीत. ते वर्ष कसं घालवलं यावर सगळं अवलंबून असतं. तुमच्या मुलाला आता मागे ठेवलं तर तीच वजाबाकी, तोच वेग, तोच फळा. फक्त मित्र चौथीत गेलेले. आठ वर्षांच्या मुलाला ते फार लागतं. वर्ग तोच राहू द्या, वर्गातली मदत वाढवा. शाळा मराठीची बदलून इंग्रजी माध्यमाची करायचं कोणी सुचवलं तर तेही आत्ता नको. ज्या भाषेत तो गोष्टी सांगतो त्या भाषेत त्याचं गणित आधी सुटू द्या.

सहा महिने हे सगळं मनापासून करा. त्यानंतरही वाचन, लेखन किंवा गणित यांपैकी काही वयाच्या मानाने फारच अडत असेल, तर अध्ययन अक्षमतेची रीतसर तपासणी करून घ्यायची. ती साधारण ८ वर्षांनंतरच खात्रीने करता येते, म्हणजे तुमची वेळ टळलेली नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. प्रमाणपत्र मिळालं तर पुढे दहावीच्या परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती मिळतात. कदाचित याची गरज पडणारच नाही. पडली तर लाजून मागे राहू नका, तो त्याचा हक्क आहे.

आणि त्याला स्वतःला सांगितलंय का कधी, की तो लवकर आला होता? आठ वर्षांच्या मुलाला हे कळतं. ‘तू घाईने आलास, म्हणून तुझ्या मेंदूला काही गोष्टींना जरा जास्त वेळ लागतो, आणि आपण तो वेळ घेणार आहोत’ एवढं पुरतं. नाहीतर तो स्वतःच कारण शोधतो, आणि ‘मी ढ आहे’ हेच कारण मुलांच्या हाती सर्वांत आधी लागतं.

डॉक्टरांकडे जाताना जन्माच्या वेळचं डिस्चार्ज कार्ड बरोबर न्या. त्यात किती आठवडे, किती वजन, ऑक्सिजन किती दिवस, कावीळ, जंतुसंसर्ग, डोक्याची सोनोग्राफी झाली असेल तर तिचा निकाल, डोळे-कान तपासल्याची नोंद, हे सगळं असतं, आणि आज तपासणाऱ्या डॉक्टरांना त्यातली प्रत्येक ओळ उपयोगी पडते. कार्ड सापडत नसेल तर ज्या दवाखान्यात बाळंतपण झालं तिथे तारीख आणि नाव सांगून नक्कल मागा. मिळाल्यावर दोन झेरॉक्स काढा, एक घरी फाइलला ठेवा आणि एक दवाखान्यात नेण्यासाठी पिशवीत असू द्या. मूळ कागद कोणालाही देऊ नका.